उजवीकडे वळेना!

दिवाळीची गडबड उरकली, माहेरवाशिणी आपापल्या घरी परतल्या आणि मोहोळ तालुक्यातल्या त्या शेतकऱ्याच्या घरात डोझरची आठवण निघाली. शेजाऱ्याच्या रानात एक उंचवटा होता. पाणी त्याच्यावर चढायचं नाही आणि त्याच्या पलीकडंही जायचं नाही. कालव्याचं आवर्तन सुटायच्या आत तो काढून द्यायचा, असा शब्द तात्यांनी देऊन ठेवला होता. जूनपासून पत्र्याच्या शेडमध्ये उभा असलेला जुना चेनचा ट्रॅक्टर त्या दिवशी बाहेर निघाला. थोरला मुलगा सीटवर बसला आणि तात्या नेहमीप्रमाणं बांधावर उभं राहून बघू लागले.

शेडपासून रानापर्यंतची वाट विहिरीवरून जाते. विहिरीच्या अलीकडं उजवीकडे वळायचं, बांधाच्या फटीतून पलीकडं उतरायचं. मुलानं उजवा लिव्हर ओढला. यंत्र सरळच चाललं. त्यानं पुन्हा ओढला, या वेळी दोन्ही हातांनी. तरी सरळच. समोर विहीर, काठाला कठडा नाही, आणि बुडाखाली पाच टन लोखंड. जे सुचलं ते त्यानं केलं. उजव्या ब्रेकवर उभाच राहिला. इंजिन रेड्यासारखं हंबरलं, दोन हिसके बसले आणि सगळं थंड झालं. पुढच्या पात्यापासून विहिरीचा काठ चार हातांवर होता.

मुलगा उतरला तेव्हा त्याचे पाय लटपटत होते. बांधावरून धावत आलेल्या तात्यांचेही लटपटत होते. पण तात्यांच्या तोंडून निघालं ते भलतंच. ‘तुझ्या हाताला गुणच नाही. लिव्हर ओढतोस का रहाट ओढतोस? तोडलास ना क्लच!’

त्या दिवसापासून बाप-लेकात बोलणं बंद. जेवायला दोघं एकाच वेळी बसत, पण ‘चटणी दे’ हेही आईच्या मार्फत. अशा घरात आईची काय अवस्था होते, हे वाचकांना वेगळं सांगायला नको.

हा ट्रॅक्टर म्हणजे त्या घरातला जुना मुरब्बी माणूस. तात्यांच्या वडिलांनी, आबांनी, तो एका सरकारी लिलावात घेतला होता. आबांनी आणला तेव्हा गावात हसणारेच जास्त होते. जिथं बैलांना कडबा पुरत नाही, तिथं हा लोखंडी हत्ती काय खाणार? पण १९८० साली उजनीचं धरण पुरं झालं, पुढं कालव्याचं पाणी माढा-मोहोळच्या पट्ट्यात फिरू लागलं आणि हसणारेच दारात नंबर लावू लागले. पाणी आलं म्हणून ऊस येत नाही. त्याआधी रान सपाट करावं लागतं, चढ काढावे लागतात, खड्डे भरावे लागतात. आबांच्या डोझरनं आसपासच्या कितीतरी गावांची रानं सारखी केली. तात्यांच्या बहिणींची लग्नं त्या कमाईत झाली. घराला स्लॅब पडला तोही त्याच पैशात.

अशी यंत्रं आपल्या देशात आली त्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टन गावाजवळच्या दलदलीच्या जमिनीत चाकांचे ट्रॅक्टर रुतत असत. बेंजामिन होल्ट नावाच्या कारखानदारानं १९०४ साली चाकं काढून त्यांच्या जागी लाकडी फळ्यांची चेन बसवली आणि वाफेवरचा ट्रॅक्टर त्या चिखलावरून चालवून दाखवला. वजन मोठ्या जागेवर पसरलं, म्हणून रुतेना. होल्टची कंपनी आणि तिची प्रतिस्पर्धी कंपनी १९२५ साली एक झाल्या आणि कॅटरपिलर, म्हणजे सुरवंट, हे नाव जगभर गेलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्यानं मागं ठेवलेले असे ट्रॅक्टर भारत सरकारनं शेतीच्या कामाला लावले. मध्य भारतात कांस नावाच्या गवतानं लाखो एकर जमीन पडीक पाडली होती. त्याच्या मुळ्या इतक्या खोल, की बैलांचा नांगर त्यांच्यापर्यंत पोचतच नसे. १९४९ साली जागतिक बँकेनं भारताला दिलेलं दुसरं कर्ज, एक कोटी डॉलरचं, मुख्यतः हे कांस उपटणाऱ्या यंत्रांसाठीच होतं. पुढं सरकारी खात्यांतले जुने ट्रॅक्टर लिलावात निघत गेले आणि आबांसारख्या हिकमती माणसांच्या दारात आले.

हे यंत्र चालवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. त्याला स्टिअरिंगचं चाकच नसतं. बैलजोडी उजवीकडे वळवायची तर गाडीवान काय करतो? उजव्या बैलाचा कासरा ओढून धरतो आणि डाव्याला चालू देतो. इथंही तसंच. इंजिनची ताकद गिअरपेटीतून मागच्या आडव्या दांड्यावर येते आणि तिथून दोन वाटा फुटतात, एक उजव्या चेनकडे, एक डाव्या चेनकडे. प्रत्येक वाटेवर एक क्लच. उजवा लिव्हर ओढला की उजवा क्लच सुटतो, उजवी चेन ढिली पडते, डावी चालत राहते आणि यंत्र उजवीकडे वळतं. अगदी जागच्या जागी फिरायचं असेल तर लिव्हर ओढून मग उजव्या पायातला ब्रेक दाबायचा. क्लच सुटलाच नाही तर दोन्ही बैल बरोबरीनं चालत राहतात आणि गाडी सरळ जाते, पुढं विहीर असो की आणखी काही.

आबांच्या वेळेपासून या डोझरवर एकच ऑपरेटर होता. सगळे त्याला चाचा म्हणत. चाचांनी त्यावर तीसेक वर्षं काढली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा त्यांनी स्वतःहून चावी आणून आबांच्या फोटोपुढं ठेवली आणि पुढं वर्षा-दीड वर्षात ते गेले. मग थोरला मुलगा बसू लागला. त्याला यंत्राची आवड, हातही चांगला. पण चाचांच्या हातातलं यंत्र ज्यानं पाहिलं आहे, त्याला दुसऱ्या कुणाचं काम पसंत पडत नाही. तात्यांचं तसंच होतं.

विहिरीपाशी थांबलेला ट्रॅक्टर मुलानं दुसऱ्या दिवशी सरळ रिव्हर्समध्ये मागं घेतला आणि मोकळ्या रानात उभा केला. सरळ जायला त्याची काहीच तक्रार नव्हती. डावीकडेही वळत होता. फक्त उजवीकडे वळेना.

मग सुरू झाले उपाय. हायवेवरच्या गॅरेजातला एक पोरगा आला. त्यानं लिव्हरवर चार फुटी पाइप चढवला आणि लोंबकळला. क्लच सुटला नाही, लिव्हर मात्र वाकला. दुसरा आला, त्यानं लिव्हरच्या खालच्या सळईचा नट आवळत आवळत सगळी ढील काढून टाकली. तिसऱ्यानं घण मागितला. कुठं मारणार, असं विचारल्यावर त्याला नीट सांगता आलं नाही, म्हणून तेवढं वाचलं. एकानं सुचवलं, मागून जेसीबी लावा आणि ओढा, काहीतरी सुटेलच. काहीतरी म्हणजे काय, हा प्रश्न होताच.

या सगळ्यात दहा-बारा दिवस गेले. शेजाऱ्यानं उंचवट्यासाठी दुसरीकडं चौकशी सुरू केली. आणि एके दिवशी भंगारवाला दारात हजर झाला. कुणी बोलावलं होतं देव जाणे. या लोकांना वास येतो. त्यानं यंत्राभोवती दोन फेऱ्या मारल्या, चेनवर लाथ मारून पाहिली आणि वजनाचा अंदाज बांधून भाव सांगितला. गॅसकटरनं इथंच कापून ट्रकमध्ये भरू, तुम्हाला कसला त्रास नको, असं तो म्हणाला. विचार करून सांगतो, असं तात्या म्हणाले खरे, पण त्यांच्या बोलण्यात जोर नव्हता. भंगारवाला आठ दिवसांनी येतो म्हणून गेला. त्या रात्री मुलगा जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं कुणाला न विचारता पुतण्याला मोटारसायकलवर मोहोळला पाठवलं. चाचांच्या हाताखाली लहानपणी क्लीनर म्हणून राहिलेला एक पोरगा होता, ग्रीस मारणारा, डब्यानं पाणी आणणारा. तो आता साठीचा मिस्त्री झाला आहे. स्वतःचं छोटं दुकान आहे. मोठी कामं त्यानं कमी केली आहेत, गुडघे साथ देत नाहीत. पण चाचांच्या डोझरचं नाव काढल्यावर तो दुपारी मोटारसायकलच्या मागं बसून आला.

आल्या आल्या पाना काढेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. मिस्त्री चेनवर बसला, चहा प्याला आणि मुलाला म्हणाला, ‘दादा, काय झालं ते पहिल्यापासून सांग. गाळू नको.’

मुलानं सांगितलं. ब्रेकपाशी आल्यावर मिस्त्रीनं त्याला थांबवलं.

‘उजवा ब्रेक दाबलास, तेव्हा एकटी उजवी चेन थांबली का दोन्ही?’

‘दोन्ही. इंजिनच बंद पडलं.’

‘मग तुटलं काही नाही. उजव्या बाजूचं सगळं एकमेकांना घट्ट धरून बसलंय म्हणून ब्रेक पार इंजिनपर्यंत पोचला. काही तुटलं असतं, तर तू आज विहिरीत असतास.’ मग तात्यांकडं न बघता म्हणाला, ‘पोरानं वेळेवर ब्रेक मारला, बरं झालं.’

तात्यांनी घसा खाकरला, पण बोलले काही नाहीत.

मग मिस्त्री सीटवर चढला आणि एकेक लिव्हर हळूहळू ओढून बघू लागला, नाडी बघावी तसा. डावा ओढला. आधी थोडी ढील, मग स्प्रिंगचा जडपणा, मग टोकाला थांबला. उजव्याला मात्र ढील नव्हतीच, पहिल्यापासून जड. पण तोही शेवटपर्यंत येत होता. यात बरंच काही कळतं. लिव्हर हलका लागला असता, तर खालचा जोड सुटला असं समजायचं. जागचा हललाच नसता, तर आतली सरकणारी कॉलर गंजली. जड लागतो आणि पूर्ण येतो, म्हणजे स्प्रिंगा दबत आहेत, लिव्हर आपलं काम चोख करतो आहे. क्लचच्या प्लेटा मात्र सुटायला तयार नाहीत. मिस्त्रीनं आधी वाकलेला लिव्हर सरळ केला, आवळलेला नट मागं घेऊन ढील परत आणली. ढील नसेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो आणि पुढं घसरायला लागतो, म्हणजे एक रोग बरा करताना दुसरा जडतो. मग वरचं छोटं झाकण काढून मुलाला लिव्हर ओढायला लावला आणि टॉर्च घेऊन आत पाहिलं. कॉलर सरकताना दिसली.

शेवटी तो यंत्राच्या पोटाखाली शिरला. प्रत्येक क्लच एका वेगळ्या कप्प्यात असतो आणि कप्प्याच्या तळाला एक बूच असतं. डावीकडचं बूच काढलं, तेलाचे चार काळे थेंब पडले. उजवीकडचं काढलं आणि मिस्त्रीचा हात भिजला. चहासारखं लाल पाणी कितीतरी वेळ गळत राहिलं. मागाहून गंजाचा गाळ आला.

मिस्त्री बाहेर आला, शेडकडं चालत गेला आणि वर बघू लागला. पत्र्याला दोन ठिकाणी भोकं होती. त्यातलं एक बरोबर सीटच्या उजव्या अंगाला. पावसाळाभर त्यातून धार पडत होती आणि लिव्हरच्या फटीतून थेट खाली उतरत होती. पत्रा बदलायला हवा, हे मुलानं मे महिन्यात दोनदा सांगितलं होतं. तात्या दोन्ही वेळा ‘बघू’ म्हणाले होते.

‘आणि दोऱ्या कुठं गेल्या?’ मिस्त्रीनं विचारलं.

‘कसल्या दोऱ्या?’

‘चाचांच्या. लिव्हर बांधायच्या.’

कुणालाच काही आठवेना. पुन्हा चहा घेऊन आलेल्या आईनं कप खाली ठेवले आणि ती काही न बोलता परत गेली.

आता खरी कसोटी होती. क्लच खोलायचा तर सीट, डिझेलची टाकी, ब्रेकचे पट्टे, सगळं उतरवावं लागतं. वर साखळीचा कप्पा लावून तो जड गठ्ठा उचलायचा. खर्च आणि वेळ दोन्ही हाताबाहेरचे, आणि भंगारवाल्याच्या आठ दिवसांतले दोन गेलेले. मिस्त्री म्हणाला, आधी न खोलता बघू. त्यानं रॉकेल मागितलं. आता रॉकेल सहजी मिळत नाही. पण रेशनवर मिळत होतं तेव्हाचा एक डबा माळ्यावर पडून असल्याचं आईला ठाऊक होतं. जुन्या संसारी बायका काही टाकून देत नाहीत, ते अशा वेळी उपयोगी पडतं. मुलानं विचारलं, इंजिन ऑइल घातलं तर लवकर सुटेल ना? मिस्त्री म्हणाला, ‘सुटेल, आणि पुन्हा कधी धरणार नाही.’ हा क्लच कोरडा चालणारा. त्याच्या लायनिंगनं तेल प्यालं की तो घसरत राहतो. रॉकेल गंजात शिरतं, मळ धुतं आणि नंतर उडून जातं.

बूच बसवून उजव्या कप्प्यात रॉकेल ओतलं. पण नुसतं ओतून भागत नाही, प्लेटांचा वरचा भाग कोरडाच राहतो. म्हणून ट्रॅक्टर चालू करून हळूहळू पुढं-मागं सरळ फिरवायचा होता. चालू करणं हाही एक सोहळाच. या यंत्राच्या मोठ्या डिझेल इंजिनला जागं करायला शेजारीच एक छोटं दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असतं. आधी ते चालू करायचं, ते फटफटू लागलं की त्याच्या जोरावर मोठं इंजिन फिरवायचं. मग एक काळा धुराचा लोट निघतो आणि चार सिलिंडरांचा तो खोल, संथ आवाज सुरू होतो. गल्लीतली पोरं गोळा झाली. मिस्त्रीनं आधी सगळ्यांना लांब उभं केलं, स्वतःच्या तोंडातली बिडी विझवून कानावर ठेवली आणि वाळूची एक बादली जवळ आणून ठेवली. रॉकेल, पेट्रोल आणि तापलेला सायलेन्सर एकत्र असताना हे केलंच पाहिजे.

दहा-पंधरा फेऱ्या झाल्यावर इंजिन बंद करून मिस्त्रीनं उजवा लिव्हर पूर्ण मागं ओढला आणि गमछा पिळून सीटच्या पाइपाला करकचून बांधला. ‘आता रात्रभर असाच राहू दे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला प्रयत्न झाला. पहिला गिअर, लिव्हर मागं, आणि ब्रेकला एक ठोका. दाबून धरायचा नाही. ठोका द्यायचा आणि सोडायचा, पुन्हा ठोका, मग रिव्हर्समध्ये तेच. प्रत्येक ठोक्याला इंजिन कण्हायचं, यंत्र थरथरायचं, आणि सरळ जायचं. तासभर हे चाललं. काही झालं नाही. मिस्त्रीनं बूच काढून गाळ सोडला, नवं रॉकेल घातलं, फेऱ्या मारल्या आणि पुन्हा लिव्हर बांधून ठेवला. बघणारे पांगले. तात्या मात्र बांधावरून हलले नाहीत.

दुपारी जेवताना आईनं विचारलं, ‘भाऊजी, ते चिकटतं म्हणजे नेमकं काय होतं?’

मिस्त्रीनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. ‘वहिनी, ओले पापड एकावर एक रचले आणि वर पाटा ठेवला तर काय होईल?’

‘सगळ्यांचा एक गोळा होईल.’

‘हेच. आत एक लोखंडी प्लेट, एक लायनिंगची, अशा रचलेल्या असतात. स्प्रिंगा त्या दाबून धरतात. पावसाळ्यात यंत्र उभं, आत दमट हवा, त्यात पाणी गेलं. लोखंड गंजलं आणि लायनिंगला धरून बसलं. म्हणून चाचा मिरगाच्या आधी दोन्ही लिव्हर मागं ओढून बांधायचे. ओढला की स्प्रिंगांचा दाब सुटतो, प्लेटांमध्ये केसाएवढी फट राहते. बाभळीच्या खुंट्या आणि काथ्याच्या दोऱ्या. मीच वळून द्यायचो.’

आई उठली. हात धुवून गोठ्यात गेली आणि एक दावं घेऊन आली. ते तिनं दोघांच्या ताटांमध्ये जमिनीवर ठेवलं. काथ्याची दोरी झिजून मऊ झाली होती, पण एका टोकाला बाभळीची खुंटी अजून तशीच होती.

‘ही का ती?’

मिस्त्रीनं ती उचलून पाहिली आणि मान हलवली.

चाचा गेले त्यानंतरच्या पावसाळ्यात एका रात्री गाय व्याली होती. लाइट गेलेली, बाहेर पाऊस, कालवडीला बांधायला हाताशी दोरी नाही. शेडमध्ये ट्रॅक्टरला दोन दोऱ्या बांधलेल्या तिनं रोज पाहिल्या होत्या. कशाला असतील, हा विचार तिच्या मनात आला नाही. तिनं त्या सोडून आणल्या. नंतर कुणी विचारलंच नाही, आणि तिलाही त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

‘मीच सोडल्या,’ आई म्हणाली. ‘आणि तुम्ही पोराला बोलत होता.’

तात्यांचा घास हातात राहिला. मुलगा खाली मान घालून बसला. मिस्त्रीच शेवटी म्हणाला, ‘वहिनी, दोरी असती तर इतकं घट्ट धरलं नसतं, हे खरं. पण डाव्याचीही दोरी सोडलीच होती की. तो नाही चिकटला. पाणी आणलं ते त्या भोकानं.’ एवढं बोलून त्यानं ताक मागितलं. भोकाची जबाबदारी कुणाची होती, ते तिघांनाही माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री सीटवर चढू लागला तेव्हा तात्या बांधावरून खाली आले. ‘मिस्त्री, तुम्ही गुडघे कशाला दुखवता? तो बसेल.’ मग मुलाकडं वळून म्हणाले, ‘तूच बस.’ पंधरा दिवसांतले हे पहिले शब्द. आणि स्वतः जाऊन विहिरीच्या बाजूला उभे राहिले.

पहिला गिअर, लिव्हर मागं, ठोका. रिव्हर्स, ठोका. मिस्त्री चेनच्या बाजूनं चालत होता, एक हात वर करून ताल धरल्यासारखा. पाचव्या का सहाव्या फेरीला आतून एक कोरडा आवाज आला, वाळलेली फांदी मोडावी तसा. उजवी चेन जागीच थांबली. डावी चालत राहिली. पाच टनांचं ते यंत्र मऊ मातीत गोल खड्डा पाडत उजवीकडे वळलं, वळत राहिलं, आणि मुलाला लिव्हर सोडायचं भानच राहिलं नाही. पुरती एक फेरी मारून झाल्यावर मिस्त्री ओरडला, ‘अरे सोड, दादा! भिंगरी करतोस का काय?’

तात्या हसले.

काम तिथं संपलं नव्हतं. बूच काढून उरलेलं रॉकेल सोडलं, नवं थोडं घालून पुन्हा धुतलं, मग बूच उघडं ठेवून उन्हात कप्पा निथळू दिला. पहिला अर्धा तास उजवा क्लच घसरत होता. ओढ पडली की यंत्र उजवीकडे लंगडायचं. मिस्त्रीनं घाई करू दिली नाही. रिकामंच फिरवत फिरवत लायनिंग सुकली आणि दुपारपर्यंत पातं मातीत घातलं तरी क्लचनं धरून ठेवलं. प्लेटा फार दिवसांच्या सोबती नाहीत, केव्हातरी खोलून बदलाव्या लागतील, हेही त्यानं सांगून ठेवलं. मजुरी घ्यायला तो तयार नव्हता. आईनं त्याच्या पिशवीत शेंगांची चटणी, ज्वारी आणि सुनेसाठी खण घातला. पैसे तात्यांनी खिशात कोंबले.

उंचवटा निघायला अडीच दिवस लागले. भंगारवाला सांगितल्याप्रमाणं आठव्या दिवशी आला, तेव्हा मुलगा शेजाऱ्याच्या रानात पातं उचलून वळण घेत होता. भंगारवाल्यानं थोडा वेळ ते पाहिलं, चहा घेतला आणि जाताना म्हणाला, आज ना उद्या द्यावाच लागेल तात्या, मी आहेच. त्याचं अगदीच चूक नाही. जेसीबी एका तासात जे काम उरकतो त्याला या म्हाताऱ्याला अर्धा दिवस लागतो, आणि सुटे भाग शोधायला भंगारबाजारच पालथा घालावा लागतो. मुलगाही अधूनमधून विकायचं बोलतो. पण चालू स्थितीत विकायचा, कापायला नाही, एवढं दोघांचं ठरलं आहे. तात्या पूर्वीसारखे चिडत नाहीत, ‘बघू’ म्हणतात.

मे महिन्यात शेडवर नवा पत्रा पडला. तो तात्यांनी स्वतः सोलापूरहून आणला. जुनी दोरी मात्र ट्रॅक्टरवर परत गेली नाही. कालवडीला तिची सवय झाली आहे, तिचंच दावं काढून कसं घ्यायचं, असं आईचं म्हणणं पडलं. तिनं बाजारातून काथ्याच्या दोन नव्या दोऱ्या आणल्या. मृग लागायच्या आदल्या दिवशी मुलानं दोन्ही लिव्हर मागं ओढून धरले आणि आईनं गाठी मारल्या. मिस्त्रीचा संध्याकाळी फोन आला होता, बांधले का म्हणून. फोन तात्यांनी घेतला. बांधले, म्हणाले, पण रात्री पहिला पाऊस सुरू झाल्यावर टॉर्च घेऊन एकदा शेडमध्ये जाऊन गाठी ओढून बघून आले.